ढब्बू अक्षरांमधली जागा

ढब्बूवाल्यांचं अक्षर तुम्ही पाहिलंय. नाही कसं? बिस्किटाच्या पुड्यावर पाहिलंय, बसच्या कपाळावरच्या नंबरात पाहिलंय, पोहण्याच्या तलावाच्या काठावर ‘खोल पाणी’ लिहिलेलं असतं त्यात पाहिलंय. जाड, उभट, अंग चोरून उभं राहिलेलं आणि सगळे कोपरे गोल. खेळाडूंच्या पाठीवर तेच, बालवाडीच्या दारावर तेच, लिफ्टमध्ये ‘फक्त सहा माणसं’ तेही त्यातच. त्या अक्षरात कुणी रागावून काही लिहिलं तरी ते रागावल्यासारखं वाटत नाही, हीच तर त्याची खुबी. कागदोपत्री त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं, ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. अक्षरं काढणाऱ्या त्या कंपनीतल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी त्याला ‘ढब्बू’ म्हटलं आणि ते काढणाऱ्याला ‘ढब्बूवाले’. ढब्बूवाले स्वतः मात्र काडीपैलवान. वारा सुटला की खिशात दगड ठेवून फिरा, असं लोक त्यांना तोंडावर म्हणायचे आणि तेही हसायचे.

आता ढब्बू गोल का, तर हौस म्हणून नव्हे बरं का. एक बिस्किटांचा कारखाना आला होता काम घेऊन. पुडा अरुंद, बिस्किटाचं नाव लांबलचक, आणि छपाई रबरी ठशांची, तीही गुळगुळीत कागदावर. टोकदार अक्षराचं रबर कोपऱ्यांना झिजायचं, शाई तिथेच गोळा व्हायची आणि अक्षरांना मिशा फुटायच्या. ढब्बूवाले म्हणाले, झिजून गोल होणारच असतील, तर आधीच गोल देऊ की! नाव लांब म्हणून अक्षर उभट. दुकानाच्या वरच्या फळीवरून खाली दिसायला हवं म्हणून जाड. इतकं सरळ. पण जाड आणि उभट एकत्र करायला बसलं की भल्याभल्यांचा घाम निघतो. जाडी वाढवली की अक्षरांची पोटं बुजतात. ‘भ’ची गाठ दिसेनाशी होते, ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ कुठे मावेना. एकट्या ‘ष’वर त्यांनी नऊ दिवस घालवले होते. आणि वर सगळ्यांना बांधून ठेवणारी ती डोक्यावरची रेघ, ती ढब्बूत अंगठ्याएवढी जाड. त्या रेघेवर तर त्यांचा जीव. शब्द कसा एकजीव उभा राहिला पाहिजे, मधून सुरीचं पातंही जाता कामा नये, असं म्हणायचे.

त्यांच्या बायकोचं म्हणणं नेमकं उलट होतं.

त्या त्याच कंपनीत होत्या, लग्नाआधीपासून. सगळे त्यांना तपासणीबाई म्हणत. पुढे नुसतं ‘बाई’ उरलं, आणि ढब्बूवालेही घरात लाडात आले की तेच म्हणायचे. बाईंचं काम काय, तर दोन अक्षरांमधली जागा बघायची. बस्स. नव्या अक्षराचे नमुने छापून आले की त्या कागद उलटा धरायच्या, डोकं खाली, पाय वर. का? तर सरळ धरला की माणूस वाचायला लागतो, अर्थ मध्ये लुडबुडतो, आणि डोळा फसतो. उलटा धरला की नुसतं काळं आणि पांढरं उरतं. मग कुठे गर्दी झालीय, कुठे भगदाड पडलंय, ते त्यांना घासातल्या खड्यासारखं लागायचं. ढब्बूचे नमुने त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी बेचाळीस ठिकाणी ‘जागा वाढवा’ म्हणून सांगितलं होतं. ढब्बूवाल्यांनी एकाही ठिकाणी वाढवली नाही. पुडा अरुंद, आम्ही काय करणार! यावरून दोघांचं जे वाजलं, ते वर्षभर वाजत राहिलं, आणि वर्ष संपता संपता दोघांनी लग्न केलं. कंपनीतल्या लोकांनी कपाळाला हात लावला.

ही झाली जुनी गोष्ट. आता दोघंही निवृत्त, लेक दोन गल्ल्या सोडून राहणारी, घरात पुस्तकांची दोन कपाटं, आणि बाईंचा सकाळचा एक तास वाचनाचा ठरलेला. त्या तासात घराला आग लागली तरी त्यांना हाक मारायची नाही.

चार महिन्यांपूर्वी त्याच तासात त्यांच्या हातातून पुस्तक खाली पडलं. ढब्बूवाले स्वयंपाकघरातून ओरडले, “काय पाडलंस ग?” उत्तर आलं नाही. पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पायात हळूहळू बळ परत आलं. बोलणं गेलं. दोनच शब्द उरले, ‘हे’ आणि ‘नको’. चहा दिला तरी नको, खिडकी उघडली तरी नको, लेकीने जवळ घेतलं तरी नको, आणि नको म्हणताना डोळे हसत असायचे. आणि वाचन साफ गेलं. डोळे धड होते, चष्मा तोच होता, पण पुस्तक हातात दिलं की त्या पानाकडे अशा बघायच्या की ढब्बूवाल्यांना तिथून उठून जावंसं वाटायचं. एकदा त्यांनी बाईंना पुस्तक उलटं धरून बसलेलं पाहिलं. ते मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. बाई बोलल्या नाहीत तरी चालेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आपण दोघांचं बोलू. पण वाचता आलं नाही तर ही जगेल कशावर? दिवसचे दिवस नुसती बसून काढेल? हे त्यांना सहन होत नव्हतं.

इस्पितळात वाचा-उपचारांसाठी एक थेरपिस्ट होती. वयाने लेकीपेक्षा लहान, केस वर बांधलेले, बोलणं लगबगीचं, पण हात शांत. पहिल्या दिवशी तिने टेबलावर एक ताट ठेवलं. ताटात चमचा, किल्ली, पेला, कंगवा, दोरा, साबण, बटण, चष्मा, रुमाल, घड्याळ. मग कार्डांचा गठ्ठा काढला. जे कार्ड येईल ते त्या वस्तूपाशी ठेवायचं, इतकाच खेळ.

पहिलं कार्ड टेबलावर आलं आणि ढब्बूवाले खुर्चीतून उठलेच.

“अहो, हे माझं आहे!”

“काय, काका?”

“हे अक्षर! हे मी काढलंय. आणि हिने तपासलंय.”

“खरंच?” थेरपिस्ट कार्ड हातात घेऊन बघायला लागली. “आम्ही सगळीकडे हेच वापरतो. पेशंटला कसं मोठं दिसतं, आणि घाबरवत नाही.”

ढब्बूवाल्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली. घरी परतताना रिक्षात ते बाईंना सांगत होते, “बघितलंस? माझाच ढब्बू तुला वाचायला शिकवणार. बेचाळीस चुका काढल्या होत्यास ना!” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “नको.”

ढब्बूने काही शिकवलं नाही. दहापैकी शून्य. पुढच्या गुरुवारी शून्य. त्याच्या पुढच्या गुरुवारीही शून्य. थेरपिस्टने कार्डांचा एक संच घरी सरावाला दिला होता. ढब्बूवाले रोज सकाळी त्याच ठरलेल्या तासाला टेबल पुसायचे, वस्तू मांडायचे आणि एकेक कार्ड समोर ठेवायचे. बाई कार्डाकडे बघायच्या, कपाळाला आठी घालायच्या, मग डाव्या हाताचं बोट कार्डावर दाबायच्या, जोरात, आणि म्हणायच्या, “नको.” पुन्हा दाबायच्या. “हे. नको.” ढब्बूवाले कार्ड बदलायचे. पुन्हा तेच. शेवटी शेवटी त्या कार्ड ढकलूनच द्यायला लागल्या.

“बाबा, आईला छळू नका हो,” लेक एकदा म्हणाली. “तिला नकोय ते. किती वेळा सांगते बिचारी.”

“मॅडम म्हणाल्यात, तिच्या नकोचा अर्थ नको असाच धरू नका.”

“मग ढकलते कशाला?”

थेरपिस्टने हळूच सांगून ठेवलं होतं, की येत्या गुरुवारी एक चाचणी आहे. महिनाभरात दहापैकी पाच तरी आले, तर वाचनाचे वर्ग पुढे सहा महिने चालतात. नाही आले तर वाचन थांबवायचं आणि फक्त हाताचा व्यायाम. माणसं पुष्कळ रांगेत आहेत, काका, माझ्या हातात नाही. ती हे सांगताना त्यांच्याकडे बघत नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी हात टेकले. टेबल मांडलंच नाही. बाई खिडकीशी बसल्या होत्या. ढब्बूवाल्यांनी कार्डं गोळा केली, गुरुवारी परत द्यायची तर निदान स्वच्छ करून देऊ म्हणून ओलं फडकं घेतलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर एकेक पुसायला बसले. ऊन तिरपं येत होतं. ‘चमचा’चं कार्ड पुसलं, सुकवायला जरा तिरकं धरलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

कार्डावर वळ होते. बारीक, चंद्रकोरीसारखे, कागदात रुतलेले. नखाचे.

एक ‘च’ आणि ‘म’च्या मध्ये. एक ‘म’ आणि ‘चा’च्या मध्ये. दुसरीकडे कुठेही नाही. त्यांनी ‘दोरा’ उचललं. एकच वळ, ‘दो’ आणि ‘रा’च्या मध्ये, तिथेच चार-पाचदा दाबलेला. मग ‘कंगवा’ घेतलं आणि ते उजेडात आणखी तिरपं केलं. ‘ग’मध्ये बघा, डावीकडचा आकडा आणि उजवा काना यांच्यात मोकळी जागा असते, अख्ख्या शब्दातली सगळ्यात मोठी. नुसतंच चिडून बोट आपटणाऱ्याचं नख तिथे पहिल्यांदा पडलं असतं. तिथे एकही वळ नव्हता. ‘ग’ आणि ‘वा’च्या मध्ये होता, अगदी बरोब्बर मध्यावर. ‘साबण’मधल्या ‘ण’च्या पोटातही काही नाही, बाहेर आहे. बटणातही तसंच. म्हणजे अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे या बाईला पक्कं दिसत होतं.

आणि नखाने का, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कंपनीत मूळ नमुने फोटोच्या जाड चकचकीत कागदावर असायचे. त्यावर पेन्सिल टेकवायलाही बंदी, डाग पडला की सगळं पुन्हा. म्हणून तपासणीबाई नखाने दाबायच्या. इथे गर्दी आहे, इथे जागा वाढवा. अक्षरं काढणारे तो कागद उजेडात तिरपा धरायचे, वळ शोधायचे आणि मुकाट्याने दुरुस्त करायचे. सगळेच करायचे, ढब्बूवाले सोडून.

“अग बाई ग,” ढब्बूवाले म्हणाले. “तू तपासतेयस. तू महिनाभर तपासतेयस आणि मी मूर्ख, मी कार्डं बदलतोय!”

बाईंनी वळून पाहिलं. ते कार्ड उजेडात तिरपं धरून उभे होते. ते बघून बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते ढब्बूवाल्यांनी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. राग होता तो. अस्सल, जुना, कंपनीतला राग. “हे!” त्या म्हणाल्या. “हे! हे!”

“हो, हे. कळलं. मारू नकोस.”

त्यानंतर त्यांना धीर धरवेना. लेकीला फोन करून जाड पांढरा पुठ्ठा मागवला. जुना कॉम्प्युटर उघडला, ढब्बूचं एकेक अक्षर तळहाताएवढं मोठं छापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि कात्रीने सगळी कापायला बसले. काने वेगळे, वेलांट्या वेगळ्या, उकार वेगळे. लेक ऑफिसला दांडी मारून मदतीला बसली होती. अक्षरं कापताना डोक्यावरची रेघही कापली जात होती, आणि दर वेळी ढब्बूवाल्यांच्या तोंडून हलकंसं “स्स्” निघत होतं.

“बाबा, तुमचं बोट कापतंय का?”

“नाही ग. रेघ कापतोय.”

“मग ओरडता काय? पुठ्ठा आहे तो.”

मंगळवारी सकाळी त्यांनी टेबलावर अक्षरं मांडली. पाणी. ‘पा’, ‘णी’. सवयीने त्यांनी ती अशी लावली, की डोक्यावरची रेघ जुळून सलग झाली. बाईंनी डाव्या हाताच्या बोटाने ‘णी’ उजवीकडे सरकवली. रेघ तुटली. ढब्बूवाल्यांनी नकळत ती परत जुळवली. बाईंनी पुन्हा सरकवली. त्यांनी पुन्हा जुळवली. तिसऱ्या वेळी बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली, चांगली सणसणीत. लेक खो-खो हसत सुटली. “तपासणीबाई, चालू द्या,” ढब्बूवाले म्हणाले आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

बाईंनी अक्षर सरकवलं, थांबल्या, अर्धं बोट मागे आणलं. मान वाकडी करून पाहिलं. मग बोट ‘पा’वर ठेवलं. तिथून उचललं, मधली मोकळी जागा ओलांडली, ‘णी’वर ठेवलं. असं तीनदा केलं. ढब्बूवाल्यांना तेव्हा सगळं उमगलं. त्यांचा तो एकजीव ठोकळा, ती अंगठ्याएवढी रेघ, तिने सगळी अक्षरं एकमेकांना अशी जखडली होती, की बिचारीला आत शिरायला वाटच नव्हती. एकेक अक्षर सुटं मिळालं तर ती एकेक पायरी चढू शकत होती. बेचाळीस ठिकाणी हेच सांगितलं होतं तिने, आणि आपण पुडा अरुंद, पुडा अरुंद करत बसलो.

बाईंनी मान उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं.

लेकीने “आई!” म्हणून तिच्या गळ्यात हात टाकले. “नको,” बाई म्हणाल्या आणि तिच्या गालावर गाल ठेवला.

गुरुवारी तिघंही इस्पितळात गेले. अक्षरं पत्र्याच्या डब्यात, डबा ढब्बूवाल्यांच्या पोटाशी. मंगळवारी पाणी जमलं होतं, पण बुधवारी सातपैकी एकच आलं होतं, आणि दुपारनंतर बाई थकून काहीच करेनात. ढब्बूवाल्यांनी थेरपिस्टला सगळं सांगितलं, वळ दाखवले, डबा उघडून दाखवला. थेरपिस्टने ‘कंगवा’चं कार्ड खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ पाहिलं.

“मी तीन आठवडे लिहितेय, पेशंट कार्ड नाकारते,” ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. “काका, खरं तर चाचणी छापील कार्डांवरच घ्यायची असते.”

“छापील ढब्बू नापास झालाय, मॅडम. तिने कधीच केला होता नापास. तुम्ही अक्षर तेच घ्या, शब्द तेच घ्या, फक्त मधली जागा तिला ठरवू द्या.”

थेरपिस्टने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “चला, बघू,” ती म्हणाली आणि स्वतःच बाह्या सारून अक्षरं लावायला बसली.

साबण. बाईंनी आधी जागा नीट केली, मग बोट टाकत गेल्या, आणि कार्ड नव्हतं म्हणून वस्तूच उचलली. साबण! किल्ली नाही जमली. चष्मा नाही. चमचा जमला. पेला नाही, बोट पेल्याच्या वरून जाऊन बटणावर गेलं. कंगवा जमला. रुमाल नाही. दोरा जमला, जरा उशिरा. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. लेकीने पुसायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. घड्याळ नाही. शेवटी बटण राहिलं. बाईंनी ‘ब’, ‘ट’, ‘ण’ वर तीनदा बोट फिरवलं आणि किल्ली उचलली.

चार.

थेरपिस्टने पेन खाली ठेवलं. “काकू, शून्यावरून चार. कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.” मग ती ढब्बूवाल्यांकडे वळली, आणि तिचे डोळे भरले होते. “पण अर्जावर पाच लागतात, काका. मी शिफारस लिहीन. वरचे काय म्हणतील, सांगता येत नाही.”

“पुन्हा एकदा घ्या ना,” लेक म्हणाली. “थकलीय ती.”

“एकदाच घेता येते.” तिने अर्ज पुढे ओढला. “एक रकाना उरलाय. पेशंटची स्वतःची इच्छा. शिफारशीत त्याला वजन असतं. ते मात्र त्यांनीच सांगायला हवं.” ती उठून बाईंच्या समोर आली, गुडघ्यांवर बसली. “काकू, हे कष्टाचं आहे. तुम्ही दमताय. वाचनाचे वर्ग पुढे चालू ठेवायचे का?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. काहीतरी यायला निघालं, ओठांपर्यंत आलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, “नको.”

लेकीने खालचा ओठ दातात धरला.

बाईंनी मान जोरात हलवली. डाव्या हाताने स्वतःच्याच ओठांवर चापट मारली. मग टेबलाच्या कडेला ठेवलेला डबा ओढला, इतक्या जोरात की अर्धी अक्षरं जमिनीवर सांडली. ढब्बूवाले वाकून उचलायला गेले, लेकीने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. “थांबा, बाबा. तिला करू द्या.”

बाईंनी डब्यात हात घातला. एक अक्षर काढलं, पाहिलं, टाकलं. दुसरं काढलं, टाकलं. तिसरं टेबलावर ठेवलं. ‘अ’. पुढचं शोधायला किती वेळ लागला, कुणी मोजला नाही. दारावर कुणीतरी टकटक केली, थेरपिस्टने मागे न बघता हात करून त्याला थांबवलं. ‘ज’ आला. मग बाई बोटाने डब्याचा तळ ढवळत राहिल्या आणि एक ऊकार काढून ‘ज’च्या खाली ठेवला. तो उलटा होता. त्यांनी पाहिलं, नाक मुरडलं आणि सरळ केला. मग ‘न’.

मग त्यांनी तीनही अक्षरं एकमेकांपासून दूर सरकवली, ‘जू’ जरा डावीकडे, ‘न’ आणखी थोडा उजवीकडे. मान वाकडी करून बघितलं. समाधान झाल्यावर हात मांडीवर ठेवला.

अ जू न.

थेरपिस्टने ते मोठ्याने वाचलं. “अजून,” ती म्हणाली. “काकू, अजून?”

“नको,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. डावा हात पुढे करून त्यांनी टेबलावरचं ‘अ’ बोटाने ठोकलं.

ढब्बूवाले लहान मुलासारखे रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. थेरपिस्टने अर्ज घेतला. ‘चार’ खोडलं, वर ‘पाच’ लिहिलं, आणि पुढे बारीक अक्षरात टीप लिहिली, की पाचवा शब्द कुणी दिला नव्हता, पेशंटने स्वतः लावला. मग जमिनीवर बसूनच ती सांडलेली अक्षरं गोळा करायला लागली, आणि लेकही तिच्याशेजारी बसली.